पालातली पाटी

कार्तिक सरता सरता वर्धा जिल्ह्यातील पऱ्हाटी फुटू लागते. शेते पांढरी होतात, आणि त्याच सुमारास आर्वी, सेलू, देवळी, हिंगणघाट या तालुक्यांतील गावांबाहेर, पांदणीच्या कडेला किंवा नाल्याकाठच्या पडीत जागेत पाले उभी राहतात. चार काठ्या, वर निळे प्लास्टिक, आत तीन दगडांची चूल, दोन गाठोडी आणि एखादी झोळी. कापूस वेचण्यासाठी आलेली ही कुटुंबे. कुणी सातपुड्यापलीकडून मध्य प्रदेशातून आलेले, कुणी छत्तीसगडातून, तर कुणी विदर्भातल्याच एखाद्या कोरडवाहू गावातून. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. म्हणून घरातील जितके हात शेतात उतरतील तितके बरे, असा साधा हिशेब असतो. जे हात वेचणीलाही लहान ठरतात ते पालापाशी बसून झोळीला झोका देतात.

शिक्षकीतून निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे मी वर्ध्यास धाकट्या बंधूंकडे होते. तेथील काही गृहिणी आणि महाविद्यालयीन मुलेमुली मिळून अशा पालांवरच्या मुलांना शिकवीत असत. संस्था लहान, तिचे नाव सांगण्याजोगे नाही आणि तशी तिची इच्छाही नव्हती. त्यांच्याबरोबर मी जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी भेटली. शाळेत जातेस का, असे विचारल्यावर तिने मान हलवली. कितवीत, या प्रश्नावर ती म्हणाली, "पहिली में." मग थोडे थांबून, जणू हिशेब चुकू नये म्हणून, तिने पुस्ती जोडली, "तीन बार पहिली में."

जूनमध्ये शाळेत नाव घातले जाई, दिवाळीनंतर कुटुंब वेचणीला निघे, फाल्गुनात परत जाई. तोवर हजेरीपटावरून नाव गेलेले. पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिली. मुलगी मंद नव्हती. पहिलीचे पुस्तक तिला निम्म्यापर्यंत तोंडपाठ होते. उरलेले निम्मे तिने कधी पाहिलेच नव्हते.

वाचकहो, त्या मुलीच्या उत्तराने मला इतिहासाकडे वळवले. जेथे आम्ही बसलो होतो तेथून सेवाग्राम फार दूर नव्हते. ज्या जिल्ह्याच्या नावाने देशातील एक संपूर्ण शिक्षणयोजना ओळखली गेली, त्याच जिल्ह्याच्या वेशीवर हे मूल पहिलीच्या निम्म्या पुस्तकापाशी अडकून पडले होते. वर्ध्याच्या विचारात या मुलीला कुठे जागा होती काय, हे मला पाहावेसे वाटले.

वर्ध्याशी गांधीजींचा संबंध जोडला तो जमनालाल बजाज यांनी. विनोबा १९२१ मध्येच वर्ध्याच्या आश्रमात आले होते. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये जवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. १९३७ मध्ये प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली आणि खेड्यातील मुलांना कोणते शिक्षण द्यावयाचे हा प्रश्न व्याख्यानाचा न राहता कारभाराचा झाला. त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (पुढे ते नवभारत विद्यालय म्हणून ओळखले गेले) शिक्षण परिषद भरली. प्रांतांचे शिक्षणमंत्री आले, शिक्षणतज्ज्ञ आले, आणि स्वतः गांधीजी अध्यक्षस्थानी होते. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम अशी तेथे ठरलेली सूत्रे होती. ती तपशिलात उतरविण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, अहवाल सादर केला. आजच्या समित्यांची चाल पाहता हा वेग चकित करणारा आहे.

आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. त्या समितीचे निमंत्रक एडवर्ड विल्यम्स आर्यनायकम हे सिलोनमधील जाफन्याकडच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. धर्मशास्त्र शिकलेले, रवींद्रनाथांचे चिटणीस म्हणून शांतिनिकेतनात काम केलेले. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली, त्याही शांतिनिकेतनातून आलेल्या. समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला यांच्याबरोबरच जे. सी. कुमारप्पा होते आणि तेही मद्रासकडील ख्रिस्ती घराण्यातले. ग्रामोद्योगांच्या संघटनेचे काम ते वर्ध्याच्या मगनवाडीत पाहत. वर्धा म्हटले की आपल्या घरांतून हे दुसऱ्या कुणाचे तरी कार्य, अशी एक अंतराची भावना असते. ती बाळगण्याचे कारण नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली आणि हिंदुस्तानी तालीमी संघाची स्थापना झाली. संघाचे चिटणीस आर्यनायकम. सेवाग्रामात शाळा उभी राहिली, शिक्षक तयार होऊ लागले. मुले कापूस वेचून, साफ करून, पिंजून सूत कातीत. कापसाच्या बोंडावरून शेतीचा पाठ निघे, धाग्याच्या लांबीवरून गणित निघे, कापूस कोणत्या बाजारात जातो यावरून भूगोल निघे. या पद्धतीला पुढे समवाय हे नाव रूढ झाले. नागरी सुशिक्षितांनी तिची टकळीची शाळा म्हणून थट्टा केली. थट्टेपेक्षा टीका अधिक गंभीर होती. मुलांनी बनविलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, असे गांधीजींनी सुचविले होते. परिषदेत प्रा. के. टी. शाह यांच्यासारख्यांनी त्याला हरकत घेतली. मुलाच्या कष्टावर शाळा चालवावयाची तर शाळेत आणि कारखान्यात भेद तो काय उरला, अशी ती शंका होती. कापूस वेचणाऱ्या आईबरोबर पाठीला ओटी बांधून फिरणारी मुले पाहिल्यावर मला ती शंका अगदीच पोकळ वाटत नाही. हाताला काम असणे आणि हात कामाला जुंपलेले असणे यांत फरक आहे. सेवाग्रामच्या शिक्षकांना तो ठाऊक होता, पण योजनेची नक्कल करणाऱ्या पुष्कळ प्रांतांना तो ठाऊक नव्हता.

मात्र माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या अभ्यासक्रमात एक गाव गृहीत धरलेले आहे. मुलाने आपल्या गावाची पाहणी करावी, गावची विहीर, गावचे शेत, गावचा कारागीर, गावची सफाई यांतून शिकावे. ऋतू बदलेल तसा पाठ बदलावा. सात वर्षे ते मूल त्याच झाडाखाली, त्याच शिक्षकाच्या डोळ्यांसमोर वाढावे. ही कल्पना सुंदर आहे यात संशय नाही. परंतु पावसाळ्यात एका गावात, हिवाळ्यात दुसऱ्या आणि उन्हाळ्यात तिसऱ्याच ठिकाणी राहणाऱ्या मुलाने कोणत्या विहिरीची पाहणी करावयाची? नई तालीम ही ठाम पाय रोवून राहणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि विणकराच्या मुलाची शाळा होती. फिरस्त्यांचे मूल त्या चित्रात दिसत नाही. याचा दोष त्या माणसांना देता येणार नाही, कारण खेडे वाचले तर माणसाला खेडे सोडावे लागणार नाही, असाच त्यांचा विश्वास होता.

जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामात भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमेची व्याप्ती वाढविली. शिक्षण सात ते चौदा या वयापुरते नव्हे, तर गर्भापासून मरणापर्यंत. पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढशिक्षण असे तिचे टप्पे झाले. आणि मग दोनच वर्षांत या मंडळींच्या गृहीतकालाच धक्का बसला.

१९४७ च्या फाळणीने लक्षावधी माणसे बेघर झाली. गांधीजींच्या सांगण्यावरून म्हणा किंवा स्वतःच्या अंतःप्रेरणेने म्हणा, सेवाग्रामची माणसे निर्वासितांमध्ये गेली. गांधीजींच्या आश्रमकन्या बीबी अम्तुस्सलाम मूळच्या पतियाळा संस्थानातल्या. नोआखलीत त्यांनी दीर्घ उपोषण केले होते. फाळणीनंतर पंजाबातील राजपुरा येथे बहावलपूरहून आलेल्या हिंदू निर्वासितांसाठी त्यांनी कस्तुरबा सेवा मंदिर उभारले. मुसलमान बाईने पाकिस्तानातून हाकलल्या गेलेल्या हिंदूंची मुले मांडीवर घ्यावीत, ही घटना आपल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींची तरी धनी व्हावयास हवी होती.

दिल्लीजवळ फरिदाबाद येथे सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांची नवी वसाहत १९४९ पासून उभी राहू लागली. घरे बांधण्याचे काम निर्वासितांनी स्वतःच्या हातांनी करावे, असा त्या प्रयोगाचा विशेष होता. तेथील मुलांच्या शाळांमध्ये नई तालीम नेली ती आशादेवी आणि आर्यनायकम यांनी. समोर बसलेल्या मुलांना गाव नव्हते. त्यांच्या आईबापांची शेते आता परक्या देशात होती. मग पाठ कशावरून काढावयाचा? जे घर डोळ्यांसमोर उभे राहत होते त्याच्यावरून. चुना, वीट, पाणी, मापे. वर्ध्याच्या शिक्षकांनी येथे एक गोष्ट व्यवहारात मान्य केली, की मुलाचे गाव हरवले तरी शाळा थांबविता येत नाही. ती माणसांबरोबर चालत जाते. पुढे त्या वसाहतीचा कारभार सरकारी खात्यांच्या हाती गेला आणि प्रयोगाचा जोर ओसरला. आशादेवींना १९५४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. पण नई तालीमेचा इतिहास सांगताना लोक सेवाग्रामच्या झाडांखालची शाळा सांगतात, फरिदाबादेची सांगत नाहीत. मला ही निवड चुकीची वाटते.

असो. यानंतरचा धागा वर्ध्यापासून सलग दाखविता येईलच असे नाही, आणि तसा हट्टही धरू नये. चांगली कल्पना अनेकांना स्वतंत्रपणे सुचते.

आपल्या महाराष्ट्रात ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना सुचली. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखावी लागत. तेव्हा या बायकांनी बाळबोध उपाय केला. गुरे जेथे चरतात तेथेच शाळा नेली. तिला नाव मिळाले कुरणशाळा. गुरे एका बाजूला, पाटी दुसऱ्या बाजूला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हे तत्त्व महाराष्ट्राला कुणा अहवालातून नव्हे, तर त्या गवताळ टेकडीवरून समजले. अनुताई १९९२ मध्ये वारल्या. कोसबाडला जाऊन आलेले आपल्यापैकी पुष्कळजण असतील.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, दिल्लीस राजघाटाजवळ गांधीदर्शनाचे बांधकाम चालले होते. मीरा महादेवन नावाच्या लेखिका तेथे गेल्या होत्या. मूळच्या कोकणात वसलेल्या बेने इस्रायल समाजातील त्या. खडी आणि मातीच्या ढिगांमध्ये उन्हात टाकलेली तान्ही मुले त्यांनी पाहिली. आया विटा वाहत होत्या. मीराबाईंनी तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. गांधीजींचे स्मारक बांधणाऱ्या मजुरांची मुले धुळीत लोळत आहेत, यातील विसंगती त्यांना सांगावी लागली नसणार. बांधकाम संपले की मजूर दुसरीकडे जात, म्हणून पाळणाघरही दुसरीकडे जाई. त्यावरूनच संस्थेला मोबाइल क्रेशेस हे नाव पडले. १९७२ मध्ये तिचे काम मुंबईत सुरू झाले. दुष्काळाचे ते वर्ष. गावे सोडून शहरांकडे निघालेल्या माणसांचे लोंढे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत. पुढे १९८८ मध्ये रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी मुंबईत डोअर स्टेप स्कूल काढले. तेही याच वाटेने, पदपथावरच्या आणि बांधकामावरच्या मुलांच्या दारात.

वसई तालुक्याचा दाखला तर घरचाच आहे. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीशेजारी पेंढा-कुडाचे जे तात्पुरते खोपट असते त्याला भोंगा म्हणतात. विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने, जिचे काम उसगाव येथून चालते, १९९० च्या दशकाच्या मध्यास अशा भट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. शिकविणारे बहुतेक त्याच भागातील तरुण होते. ही माणसे केवळ पाढे शिकवून थांबली नाहीत. भट्टीवरचे मूल कोणत्या गावचे, कोणत्या शाळेतले, कितवीतले, याची त्यांनी नोंद ठेवली. मूल परत जाईल तेव्हा त्याच्या गावच्या शाळेने त्याला वरच्या वर्गात घ्यावे यासाठी त्यांनी सरकारशी भांडण केले. भोंगाशाळांची खरी कमाई मला या नोंदवहीत दिसते. ऊसतोडणीच्या पट्ट्यातील साखरशाळांपुढेही हाच प्रश्न होता. कारखान्यावर पाच-सहा महिने शिकलेले मूल बीडच्या गावी गेल्यावर त्या महिन्यांचे काय?

वर्ध्याकडे परत येऊ.

या जिल्ह्यात येणारे आहेत तसे येथून जाणारेही आहेत. फासेपारध्यांचे बेडे वर्ध्याच्या कितीतरी गावांच्या कडेला आहेत. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले त्यांतील ही एक. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, गावाच्या मनातून तो रद्द झाला नाही. पोटासाठी ही माणसे मुंबईपर्यंत जातात आणि त्यांची मुले सिग्नलवर हात पसरतात. वर्ध्याजवळ रोठा येथे मंगेशी मून यांनी अशा मुलांच्या निवासाचे आणि शिक्षणाचे काम उमेद या संस्थेमार्फत उभे केले आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी काढलेली पारधी मुलांची प्रश्नचिन्ह आश्रमशाळा आपण वृत्तपत्रांतून वाचलेली असेल. मतीन भोसले स्वतः त्याच समाजातील. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेचा काही भाग पाडला गेला, तेव्हा बरीच हळहळ व्यक्त झाली. हा महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनही गेला आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो बांधणाऱ्या मजुरांच्या वस्त्या वर्षानुवर्षे सेलू-आर्वीच्या रानात पडून होत्या, त्यांतही मुले होती.

सेवाग्रामच्या आवारात नई तालीमेची शाळा मधल्या काळात बंद पडली होती. २००५ मध्ये आनंद निकेतन या नावाने ती नव्याने सुरू झाली. तेथे मुले आजही शेतात काम करतात, सूत काततात, स्वयंपाक करतात आणि त्यांतून शिकतात. मी ती पाहून आले. मुले निर्भयपणे प्रश्न विचारीत होती. शाळा पाहून पालांवर गेले की मन उदास होई, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आमच्या त्या लहान मंडळींच्या चुका येथे लिहून ठेवते, कारण आपल्या धर्मग्रामांतून अशा कामास निघणारे पुष्कळजण त्याच चुका करतात. पहिल्या हिवाळ्यात आम्ही पाट्या वाटल्या, वह्या वाटल्या, नाताळात नवे कपडे वाटले. छायाचित्रेही काढली. आठ दिवसांनी पाहिले तर वह्यांची पाने चूल पेटविण्यास गेली होती आणि नवे कपडे गाठोड्यात बांधलेले होते, गावी नेण्यासाठी. आमच्यातील एका ताईंना फार राग आला. आईबापांना शिक्षणाची किंमतच नाही, असे त्या म्हणाल्या. त्या रात्री मी त्यांना सांगितले, "अहो ताई, तीन वर्षे जे पहिलीचेच पान उघडते, त्या पानाने चूल पेटली तर नवल काय?" त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या शनिवारी आल्या.

दुसरी अडचण भाषेची. आम्ही मराठी अक्षरे गिरवून घेऊ लागलो. मुले घरात गोंडी किंवा छत्तीसगडी बोलत, गावच्या शाळेत हिंदी शिकत आणि आम्ही त्यांच्यावर तिसरी भाषा लादीत होतो. १९३७ च्या वर्धा परिषदेने मातृभाषेचा आग्रह धरला होता, आणि आम्ही वर्ध्यातच बसून तो मोडीत होतो. लिपी एकच असल्यामुळे थोडे निभावले. मग कुणीतरी नागपूरहून हिंदी पाठ्यपुस्तके मिळविली. ज्या दिवशी मुलीच्या हातात तिच्याच शाळेतील पुस्तक पडले, त्या दिवशी तिने ते मधोमध उघडले. पहिले अर्धे तिला नकोच होते.

तिसरी गोष्ट आम्हांस भोंगाशाळांकडून शिकता आली असती, पण आम्ही ती उशिरा शिकलो. शिकवून भागत नाही. शिकविल्याचा कागद लागतो. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील चौथ्या कलमाप्रमाणे शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावयाचे आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी वेगळे शिकवावयाचे. पाचव्या कलमाप्रमाणे मूल शाळा बदलत असेल तर दाखला तत्काळ द्यावयाचा, आणि दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. पुढे महाराष्ट्राने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाचीही पद्धत काढली. नियम उत्तम आहेत. मात्र पऱ्हाटीत उभ्या असलेल्या बापाला ते कोण सांगणार, आणि ज्या मुख्याध्यापकाच्या वर्गात आधीच मुलांना बसावयास जागा नाही त्याला त्यांची आठवण कोण देणार? येथेच स्वयंसेवकाचे काम सुरू होते, आणि ते कपडे वाटण्याइतके गोड नसते. फेऱ्या माराव्या लागतात. एका शाळेत आम्हांस तीनदा परत पाठविले. चौथ्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत. तेथील मुख्याध्यापक सज्जन होते. त्यांनी कायद्याची पुस्तिका स्वतःच कपाटातून काढली, चष्मा लावून पाचवे कलम मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "बाई, हे तर स्पष्टच आहे." आठ मुले त्यांच्या हजेरीपटावर चढली. त्यांपैकी पाच रोज येत. बाकीची तीन, घरी तान्हे भावंड असल्यामुळे, दिवसाआड. मग दोन कॉलेजकुमारींनी पालांपाशी झोळ्या सांभाळण्याची पाळी लावून घेतली. मीरा महादेवन यांचा तंबू मला आठवला तो या मुलींमुळे.

ती मुलगी तिसरीच्या मुलांबरोबर बसली. गणितात ती कुणाला हार जात नसे, कारण रोज संध्याकाळी काट्यावर किलोचा हिशेब तीच बापाला करून दाखवी. मुकादम एकदा तिच्यावर रागावल्याचेही ऐकले.

फाल्गुनात पाले उठली. निघण्याआधी आम्ही प्रत्येक मुलासाठी एक कागद तयार केला. मूल अमुक दिवस आमच्या शाळेत बसले, पुस्तकाचे अमुक पाठ झाले, गणितात अमुकपर्यंत आले, वयाप्रमाणे त्यास अमुक वर्गात घ्यावे, अशी हिंदीत चार वाक्ये, खाली मुख्याध्यापकांची सही व शिक्का. मुलीच्या बापाने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रेशनकार्डाबरोबर, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. पत्ता विचारला तर त्याने गावाचे नाव सांगितले. आम्ही ते वहीत लिहिले.

दुसऱ्या हिवाळ्यात ते कुटुंब आले नाही. दुसरीच टोळी आली. पहिल्या शनिवारी आम्ही चटई अंथरीत होतो तेव्हा एक बाई कडेवर मूल आणि हाताशी सात-आठ वर्षांचा मुलगा घेऊन उभी राहिली. वेचणीचा वेळ मोडून आली होती, म्हणून घाईत होती. तिने आधी माझ्याकडे, मग ताईंकडे पाहिले आणि विचारले, "वो छप्पावाला कागज आप ही देती हो क्या? हमारे गाँव में एक लड़की को उसी पे चौथी में बिठाया."

ताईंनी वही उघडली आणि मुलाचे नाव विचारले.